वेगळी वाटी

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

मला काही झालं तर ही डायरी पोलिसांनी वाचावी, म्हणून आजपासून लिहितो आहे. मी गजेंद्र नत्थुजी होले, वय एकोणपन्नास, राहणार अमरावती. देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं हार-फुलांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. घरात बायको पौर्णिमा आणि मुलगी प्रतीक्षा. प्रतीक्षा रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. डायरी दुकानात हार बांधायच्या केळीच्या सोपटाच्या गठ्ठ्याखाली ठेवतो. घरात ठेवणार नाही.

काल संध्याकाळी दुकान आवरून नेहमीसारखं थोडं घेतलं. दहा मिनिटांत तोंड असं तापलं की जणू कोणी चुलीपुढे बसवलं. आरशात पाहिलं तर मान, छाती, डोळे, सगळं लालबुंद. छातीत धडधड. नालीपाशी बसून ओकलो. मागच्या शुक्रवारीही असंच झालं होतं, तेव्हा वाटलं माल डुप्लिकेट असेल.

पण घरी गेलो तर पौर्णिमा दारातच उभी. भांडली नाही. म्हणाली, "कसं वाटून राह्यलं तुमाले?"

वर्ष झालं असेल तिनं मला असं विचारून. मला कसं वाटतं हे तिला का जाणून घ्यायचं होतं? आणि मी ओकून आलो हे तिला कोणी सांगितलं?

पोलिसांसाठी आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानाचं कुलूप कोणीतरी तोडलं. आतून काहीच गेलं नाही. पौर्णिमाला विचारलं तर ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. शेजारच्या पूजा साहित्यवाल्या बेबीताई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. काहीतरी शिजतंय.

११ सप्टेंबर, गुरुवार

दुकान बदललं, ब्रँड बदलला. तरी तेच. आज तर डोकं फुटेल असं वाटलं. शिवाय दिवसभर तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव.

मी काही दारुड्या नाही, हेही नोंदवून ठेवतो. दिवसाला एक पव्वा, सणावाराला दोन. सकाळी अर्धा घेतो तो मी यात धरत नाही. तो हातासाठी आहे. त्याशिवाय सुईत दोरा जात नाही. रविवारी सकाळी घेत नाही, कारण रविवारी दुकान उशिरा उघडतो.

जेवणाकडे लक्ष ठेवून आहे. होळीपासून पौर्णिमा माझं ताट झाकून ठेवून निजायची. आता आठवडाभरापासून स्वतः वाढते. वरण वेगळ्या वाटीत काढते, त्या दोघींचं गॅसवरच्या गंजातून, माझं वाटीतून. आणि वाटी रिकामी होईपर्यंत ओट्याला टेकून उभी राहते.

१४ सप्टेंबर, रविवार

तेल्हाऱ्याहून माझा साळा चंदन आला. फोन न करता. मी अंघोळीहून निघालो तर तिघं स्वयंपाकघरात बोलत होते. मी दिसताच गप्प. चंदन म्हणाला, "काय म्हणता भाऊजी, तब्येत कशी हाय?" पुन्हा तब्येत!

दुपारी ते झोपले तेव्हा पौर्णिमाचं कपाट पाहिलं. साडीखाली एक छापील कागद सापडला. चष्मा दुकानात राहिला होता, त्यामुळे बारीक अक्षर वाचता आलं नाही. वर माझं पूर्ण नाव, खाली "नातेवाईकाची सही" आणि तिथं चंदनची सही. माझ्या सहीची जागा कोरी. दुकान! दुसरं काय असणार? मी गेलो की दुकान बायकोच्या नावानं, आणि बायको भावाच्या ऐकण्यातली.

कागद होता तसा ठेवला. त्यांना कळू देणार नाही की मला कळलं.

संध्याकाळी एकच पेग घेतला. उभं राहता येईना, भिंत धरून आलो. छातीवर दगड ठेवल्यासारखं. चंदन धावत येऊन हाताला धरायला लागला, मी हात झटकला.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज पुरावा मिळाला.

जेवायला बसलो. पौर्णिमा पाणी आणायला वळली तेवढ्यात मी वाटी बदलली. माझी प्रतीक्षाच्या ताटात, तिची माझ्या ताटात. प्रतीक्षा मोबाइलमध्ये डोकं घालून होती. मी भात कालवायला लागलो आणि पाहत राहिलो.

पौर्णिमा आली, तांब्या ठेवला. प्रतीक्षाच्या ताटाकडे नजर गेली. वाटीच्या काठाला एक पोचा आहे, त्यावरून तिनं ओळखली असावी. प्रतीक्षानं वाटी उचलली होती. पौर्णिमानं असा हात मारला की वाटी भिंतीवर जाऊन आपटली, वरण सगळ्या फरशीवर.

"हात लागला व," म्हणाली. आणि पुसायला बसली. पुसताना रडत होती.

आता काय शंका राहिली? वरणात काहीतरी आहे. माझी बायको मला जहर देते आहे. मी कुणाला सांगू? पोलिसांत गेलो तर पहिले माझं तोंड हुंगतील.

रात्री त्या दोघींच्या खोलीतून प्रतीक्षाचा आवाज येत होता. मोठ्यानं बोलत होती, शब्द कळले नाहीत. तीसुद्धा सामील आहे की काय?

२० सप्टेंबर, शनिवार

तीन दिवस घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. सकाळी पोहे, दुपारी केळी, संध्याकाळी हॉटेलातली पोळी-भाजी. पौर्णिमा रोज वाढते, मी ताटाकडे पाहत नाही. ती म्हणते, "आता जेवा तुमी, काही नाई त्यात." *आता.* तिच्या तोंडून निघून गेलं, तिला कळलंही नाही.

आज घेऊन पाहिली. घरचं खाल्लं नाही तर काही व्हायला नको. पण झालं! पुन्हा लाल, पुन्हा धडधड, पुन्हा ओकारी.

म्हणजे हे घरापुरतं नाही. दुकानातल्या पाण्याच्या कॅनमध्ये टाकतात का? चहावाला रोज मला वेगळ्या कपात चहा देतो. फूल बाजारात जानराव अडत्या आज मला पाहून दुसऱ्याशी कुजबुजला. किती जणांना पैसे चारले असतील?

२१ सप्टेंबर, रविवार

ठरवलं. उद्यापासून नवरात्र. आजपासून एक थेंबही घेणार नाही. शुद्धीत राहून सगळ्यांना पकडणार. दारू सोडणं म्हणजे काही फार नाही, मनात आणलं की सुटते. मी कधी मनात आणलं नव्हतं एवढंच.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. वर्षातली मोठी गर्दी आणि माझ्या हातून एक हार झाला नाही. सुई बोटात घुसत होती. झेंडूवर रक्त पडलं. शर्ट घामानं ओला. शेवटी पौर्णिमा न बोलता माझ्या जागी बसली आणि दिवसभर ओवत राहिली. गिऱ्हाइकं तिच्याशी बोलत होती, माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. हेच हवं होतं तिला, दुकानावर बसायला.

झोप नाही.

२३ मंगळवार

शेवंतीत मुंग्या. पौर्णिमा म्हणते नाहीत. मी दाखवतो तिथंच पाहते आणि म्हणते नाहीत. किती वेळ खोटं बोलशील. लाल मुंग्या, ताटभर, माझ्या बाहीत.

चंदन तेल्हाऱ्याला गेलाच नाही. शटरच्या मागे बोलतो आहे. माझं नाव घेतो.

२४

निशिगंधाच्या काड्या मोजल्या दर वेळी जास्त. आत माणसं. बाबा आले होते बसले नाहीत. कुलूप लावा कुलूप लावा

२ ऑक्टोबर, गुरुवार. अकोला

दसरा. डायरी प्रतीक्षानं आणून दिली. तिला कुठं सापडली हे मी विचारलं नाही. वाचली का हेही विचारलं नाही.

मला काही आठवत नाही, म्हणून सांगितलेलं लिहितो. चोवीस तारखेला दुपारी दुकानात मला फिट आली. शेवंतीच्या टोपल्यांवर पडलो. बेबीताईंनी ऑटो थांबवला. अमरावतीला एक रात्र ठेवलं, मग चंदननं अकोल्याला त्याच्या ओळखीच्या दवाखान्यात आणलं. इथं व्यसनमुक्तीचा वेगळा वॉर्ड आहे. पाच दिवस मी शुद्धीत नव्हतो म्हणतात. नर्सला चावलो म्हणतात. हातांवर बांधल्याचे वळ आहेत.

शेजारच्या खाटेवर चांदूर रेल्वेचे निवृत्त हेडमास्तर आहेत, उत्तमराव. ते सकाळी म्हणाले, "गजेंद्रभाऊ, दसरा अन् गांधीजयंती एका दिवशी आली. साऱ्या गावाले आज ड्राय डे, आपल्या वार्डाले रोजचा." मला हसू आलं नाही. हा माणूस सारखा माझ्याशी का बोलतो?

डॉक्टर बाई आहेत, रागिणी मॅडम. राउंडला आल्या तेव्हा पौर्णिमा आणि चंदन खाटेपाशी होते. मॅडमनी पौर्णिमाला विचारलं, "ताई, परवा तुम्ही मला सांगितलं ते यांच्यासमोर सांगता? तुम्ही सांगितलेलं बरं."

पौर्णिमा माझ्याकडे न पाहता बोलली. "मी यांच्या वरनात पुडी टाकत होती. दारू सुटायची. बेबीताईनं एका मानसाचा नंबर देल्ता. तो म्हने जडीबुटी हाय, पेशंटले कळू द्याची नाई."

मी खाटेवर उठून बसलो. सलाइनची नळी ताणली गेली. मी ओरडलो, "मी खरा होतो! मी खरा होतो ना?" सगळा वॉर्ड पाहायला लागला. मी म्हणालो, पोलिसांना बोलवा. मॅडम म्हणाल्या, "तो तुमचा हक्क आहे, मी अडवणार नाही. आधी नीट उभं राहता येऊ द्या."

४ ऑक्टोबर, शनिवार

मॅडमना मी स्पष्ट सांगितलं, "मी तुमची गोळी घेणार नाही. तुम्ही साऱ्या एक आहात."

मला वाटलं रागावतील. त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. न सांगता औषध दिलं गेलेला माणूस पुढची गोळी का घेईल?" नर्सला पाकिटं आणायला लावली. प्रत्येकाचं नाव माझ्या डायरीच्या मागच्या पानावर लिहून दिलं. ही झोपेसाठी आणि फिट येऊ नये म्हणून, दररोज कमी करत आठवड्यात बंद. हे जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, दारूनं मेंदूतलं ते संपतं. "रोज विचारा. नर्सनं पाकीट दाखवल्याशिवाय घेऊ नका."

मग मी पुडीचं विचारलं. त्या म्हणाल्या, लक्षणं पाहता त्या पुडीत जडीबुटी नव्हती, कुटलेल्या गोळ्या असाव्यात. ती गोळी पोटात असताना दारू घेतली की अंग लाल होतं, धडधड, उलट्या, रक्तदाब पडतो. माणूस दगावूही शकतो. गोळी बंद केली तरी दोन आठवडे असर राहू शकतो. पेशंटला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं, लिव्हर आणि हृदय तपासूनच ती देतात. "लपवून कधीच नाही. तुमच्या बायकोला मी हे फार कडक शब्दांत सांगितलं आहे."

मी म्हणालो, "ऐका, म्हणजे ती मला मारत होती."

"मारायचं तिच्या मनात नव्हतं, पण तुम्ही मेला असता. आणि एक सांगू? पुडीइतकंच तुम्ही स्वतः जिवावर बेतवून घेतलंत. इतकी वर्षं रोज पिणाऱ्यानं एका दिवसात, एकट्यानं बंद करायची नसते. मुंग्या, आवाज, फिट, हे त्याचंच. दवाखान्यात करायचं काम असतं ते."

"मी रोज एकच पव्वा घेतो."

"आणि सकाळचा?"

मॅडमना हे कोणी सांगितलं?

५ ऑक्टोबर, रविवार

हॉटेलात खाऊनही वीस तारखेला का झालं ते आता समजलं. दोन आठवडे असर. म्हणजे चहावाला निर्दोष. जानरावही बहुतेक.

उत्तमरावांना विचारलं, तुम्हाला कोणी आणलं. म्हणाले, "पयल्या बारीले बायकोनं. दुसऱ्या बारीले पोरानं. या बारीले मी एकटाच ऑटोत बसून आलो." "बायको कुठे?" "आता नाई ती." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज घरच्यांसोबतची बैठक होती. छोट्या खोलीत मॅडम, पौर्णिमा, प्रतीक्षा, मी. चंदन बाहेर. मी आधीच ठरवलं होतं की तक्रार कशी लिहायची ते बोलायचं. मीच सुरू केलं. वाटी, कपाटातला कागद, चंदनची सही, सगळं सांगितलं. मॅडमनी फाइल उघडून तोच कागद माझ्यापुढे ठेवला. आता चष्मा होता. वर लिहिलं होतं, "रुग्ण प्रवेश अर्ज". तारीख बारा सप्टेंबर. चंदन स्वतः अकोल्याला येऊन घेऊन गेला होता. माझ्या सहीसाठी थांबले होते.

मी म्हणालो, "ठीक. पण पुडी तर दिली ना? का दिली? मी कोणाचं काय केलं?"

पौर्णिमानं पदर हातात घट्ट गुंडाळला. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमी काय केलं, तुमाले खरंच आठवत नाई?"

"दुकानाचं कुलूप तुटलं."

"ते बेबीताईनं तोडलं. दगडानं. मी आत होती."

मी समजलो नाही. ती सांगत गेली. दुपारी मी पिऊन दुकानात आलो. ती मागच्या बाजूला फुलांना पाणी मारत होती. मी शटर ओढलं, कुलूप लावलं आणि निघून गेलो. तिनं आतून शटर वाजवलं, हाका मारल्या. मी ऐकून हसलो म्हणे. तिचा फोन गल्ल्यापाशी नव्हता, माझ्या खिशात होता. दुकानाला खिडकी नाही. चार तास. उकाड्यानं तिला भोवळ आली. बेबीताई बारशाहून परतल्या तेव्हा त्यांना आवाज आला. संध्याकाळी मी घरी आलो आणि तिलाच विचारलं, "कुठं गेली होती तू दिवसभर?"

"मले वाटलं, तुमी नाटक करून राहिले. मंग समजलं, तुमाले माईतच नाई. तवा मले जास्त भेव वाटलं."

मला यातलं काही आठवत नाही. खोटं बोलत असेल, असं मी इथं लिहू शकतो. पण ती खोटं बोलत असताना कशी दिसते ते मला आता माहीत आहे, महिनाभर मी तेच पाहत होतो. आज ती तशी दिसत नव्हती.

तरी मी म्हणालो, "म्हणून जहर द्यायचं?"

मग प्रतीक्षा बोलली. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती.

"बाबा, तुमी वाटी बदलली तवा मी पाहत होती."

मी मॅडमकडे पाहिलं.

"मोबाइल हातात होता, पन मी पाहत होती. तुमाले वाटे त्यात जहर हाय. हो ना? मंग ती माह्यासमोर काहून ठेवली?"

मला फक्त बघायचं होतं. तिला काही झालं नसतं. एवढंसं खाल्लं असतं तर मी थांबवलं असतं. ही सगळी वाक्यं तोंडापर्यंत आली आणि एकही बाहेर काढण्यासारखं नव्हतं.

"मी उचलली बी होती," ती म्हणाली. "म्हटलं, तुमी थांबवता का पाहू. आईनं थांबवलं."

९ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस लिहिलं नाही. जेवणही गेलं नाही.

सतराच्या रात्री प्रतीक्षा आईशी भांडत होती ते पुडीवरूनच. उरलेल्या पुड्या तिनं त्याच रात्री नालीत टाकल्या. "आता काही नाई त्यात" असं पौर्णिमा म्हणाली ते खरं होतं.

पोलिसांचं मी कोणाजवळ पुन्हा काढलं नाही. मॅडमनी त्या पुडीवाल्याची तक्रार करायला पौर्णिमाला सांगितलं आहे. नंबर आता बंद लागतो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पौर्णिमा उद्या तेल्हाऱ्याला जाते आहे. अमरावतीला नाही. मी विचारलं, किती दिवस. ती म्हणाली, "माईत नाई." मी म्हणालो, "मी आता घेणार नाही, शपथ." ती म्हणाली, "ते तुमी पाहा. मी माह्यासाठी चालली. मले माहा भरोसा नाई. घरी राह्यली तर तुमच्यावर नजर ठेवीन, खिसे पाहीन, अन् एका दिवशी पुन्हा काहीतरी कालवीन. मले तसं जगाचं नाई."

चंदन पिशव्या घेऊन उभा होता. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी मी झटकला नाही, पण आवडलाही नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार. अमरावती

काल दवाखान्यातून सोडलं. लिव्हरच्या तपासणीत आकडे वाढलेले आहेत, म्हणून ती पुडीतली, दारूवर उलटी आणणारी गोळी मला देणार नाहीत, मागितली तरी. इच्छा कमी होण्यासाठी दुसरी दिली आहे. दर पंधरा दिवसांनी अकोल्याला दाखवायचं.

दिवाळी दोन दिवसांवर. दुकान प्रतीक्षानं चालवलं, लॅबमधून सुट्टी घेऊन. झेंडू चांगला घेतला होता. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. स्वयंपाक मी करतो. मी वाढलं की ती आधी खात नाही, मी घास घेतल्यावर घेते. माझ्या लक्षात आलं. तिच्याही लक्षात आलं की माझ्या लक्षात आलं.

१ नोव्हेंबर, शनिवार

शनिवारी आणि मंगळवारी एका शाळेच्या खोलीत दारू सोडलेल्यांची बैठक असते, उत्तमरावांनी पत्ता दिला होता. आज गेलो. फी नाही, नाव लिहून घेत नाहीत, चहा फुकट. यात त्यांचा काय फायदा ते कळलं नाही. एक माणूस म्हणाला, "आज तीन हजार दिवस झाले." टाळ्या. मला खरं वाटलं नाही. शेवटी दारापाशी त्याला विचारलं, "कशावरून?" तो म्हणाला, "कशावरूनच नाही. तुम्ही परत या अन् माझ्याकडे बघत राहा." परत जाईन. बघायलाच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हाताला थोडा कंप आहे पण सुई ओवता येते. आज सात हार आणि दोन वेण्या. प्रतीक्षानं एक हार उचलून पाहिला, गाठ ओढून पाहिली. "घट्ट हाय," म्हणाली.

पौर्णिमाला रोज संध्याकाळी फोन करतो. ती उचलते. "जेवले का", "हो". ती माझ्या आवाजात काहीतरी शोधत असते. शब्द जड येतात का ते ऐकते. मीही मुद्दाम सावकाश, स्पष्ट बोलतो, आणि मग वाटतं, असं बोललो तर उलट संशय येईल.

२३ नोव्हेंबर, रविवार. परतवाडा

लॉजमध्ये बसून लिहितो आहे.

परतवाड्याला लग्नाच्या मंडपाची ऑर्डर होती. सकाळपासून गुलाब, निशिगंध, तोरणं. काम छान झालं. दुपारी नवऱ्या मुलाच्या काकांनी मागच्या खोलीत बोलावलं, खुश होते. "घ्या होलेभाऊ, तुमच्या हातात कला हाय." ग्लास हातात दिला.

मला नको म्हणता आलं असतं. कोणी जबरदस्ती केली नाही. मी विचार केला की प्रतीक्षा अमरावतीला, पौर्णिमा तेल्हाऱ्याला, रात्रीपर्यंत वास जातो. एवढा हिशोब मी ग्लास तोंडाला लावायच्या आधी केला. दोन ग्लास घेतले. अंग लाल झालं नाही, धडधड नाही. कोणी काही कालवलेलं नव्हतं. छान वाटलं. तेच वाईट.

तिसरा भरला जात होता तेव्हा मी लघवीच्या निमित्तानं बाहेर आलो आणि एसटी स्टँडपर्यंत चालत आलो. बाकावर बसून पौर्णिमाला फोन लावला. संध्याकाळ व्हायच्या आत मी कधी करत नाही, त्यामुळे पहिल्याच रिंगला उचलला.

"काय झालं?"

"मी घेतली."

मागे कुठेतरी बकरी ओरडत होती.

"किती?"

"दोन ग्लास."

"खरं सांगा."

"दोनच. तिसरा भरत होते तवा निघालो."

"मले कोनाचा फोन येईन म्हनून सांगून राहिले का? कोनी पाह्यलं का तुमाले?"

"कोणी नाही पाह्यलं. तुले कळलंही नसतं."

मला वाटलं, ती फोन ठेवणार. मग म्हणाली, "आता गाडी चालवू नका. तिथंच राहा. सकाळी अकोल्याले जा, मॅडमले सांगा." आणि ठेवला.

प्रतीक्षालाही फोन केला. ती म्हणाली, "बरं." नंतर पाच मिनिटांनी तिचा मेसेज आला, सकाळच्या अकोल्याच्या गाडीची वेळ.

२४ नोव्हेंबर, सोमवार. अकोला

अंजनगाव, अकोट करत गाडी अकरा वाजता पोचली. रस्ताभर ठरवत होतो की मॅडमना एक ग्लास सांगायचा. दवाखान्याच्या फाटकापर्यंत एकच ग्लास ठरला होता.

फाटकाजवळ पौर्णिमा उभी होती. एकटी, हातात पिशवी. तेल्हाऱ्याहून पहिल्या गाडीनं निघाली असणार. मला वाटलं काही बोलेल. ती जवळ आली, अगदी समोर, आणि म्हणाली, "तोंड उघडा."

रस्त्यावर माणसं होती. रिक्षावाले पाहत होते. पंचवीस वर्षांत ती जवळ आली की मी मान वळवत आलो, कधी हसून, कधी हाकलून, कधी बडीशेप चघळत. आज मी तोंड उघडलं. तिनं हुंगलं.

"हाय थोडा," ती म्हणाली.

"कालचा आहे."

"असंन. मले कसं समजंन?"

"नाही समजणार," मी म्हणालो.

आत जाऊन नंबर लावला. बाकावर बसलो. ती बसली, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून. पिशवी तिनं त्या जागेवर ठेवली. मॅडमना दोन ग्लास सांगायचे हे तेवढ्यात ठरलं.

खिडकीतला माणूस रजिस्टर भरत होता. "गजेंद्र होले. पेशंटसोबत कोण आहे?"

मी मधल्या पिशवीकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं.

"मी हाव," पौर्णिमा म्हणाली, आणि त्यानं नाव विचारलं तेव्हा स्पष्ट सांगितलं.